समोरचा एकच दात: सिरॅमिक कॅप ओळखू येऊ नये म्हणून

वरचे सहाच्या सहा दात करायचे असले की मला निवांत झोप लागते. एकच करायचा असला की लागत नाही. सहा दात आपापसात जुळले की काम झालं. एकट्या दाताच्या शेजारी मात्र अस्सल दात उभा असतो आणि पेशंट रोज सकाळी आरशात दोघांची तुलना करतो.

गेली बावीस वर्षं मी पुण्यात डेंटल लॅबमध्ये सिरॅमिकच्या बेंचवर बसतोय. हा लेख नव्या डेंटिस्टांसाठी आणि लॅबमध्ये शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. कॅप बसवून घेणाऱ्यांनी वाचला तरी हरकत नाही, डॉक्टरांना काय विचारायचं ते कळेल.

एका शिक्षिकेचा दात घेऊनच सांगतो. वरचा डावा पटाशीचा, आमच्या भाषेत एकवीस नंबर. लहानपणी पडून मोडलेला, पुढे रूट कॅनाल झालेला आणि वर्षानुवर्षांत करडा पडलेला. माझ्याकडे चिठ्ठी आली: ‘२१, झिर्कोनिया, ए२, अर्जंट.’ झिर्कोनिया हा सिरॅमिकचा एक प्रकार, ए२ हा रंगाचा, म्हणजे शेडचा, नंबर. मी ए२ केला. शेड गाइडच्या (दातांच्या रंगांच्या नमुना-संचाच्या) पट्टीशेजारी धरला तर जुळा भाऊ! तोंडात बसवल्यावर डॉक्टरांचा फोन आला, “अहो, पट्टीला जुळतोय, पण तोंडात खडू दिसतोय हो.” कॅप परत आली. चूक माझीही होती. एवढ्या चिठ्ठीवर मी काम सुरूच करायला नको होतं. त्याच दाताची दुसरी फेरी आम्ही कशी केली, ते आता क्रमानं.

शेड आधी, बाकी सगळं नंतर

खुर्चीत बसल्यावर पहिलं काम शेडचं. भूल देण्याआधी, कापूस ठेवण्याआधी, कटिंगच्या, म्हणजे कॅपसाठी दात कापण्याच्या, कितीतरी आधी. तोंड उघडं ठेवून दात कोरडा पडला की एनॅमलमधलं (दाताच्या बाहेरच्या थरातलं) पाणी उडतं आणि दात पांढराफेक दिसायला लागतो. दहा-पंधरा मिनिटांतच हा फरक डोळ्यांना कळतो आणि पुन्हा मूळ रंगावर यायला बराच वेळ जातो. कटिंग झाल्यावर घेतलेली शेड म्हणजे तहानलेल्या दाताची शेड. माझी पहिली कॅप खडू दिसली त्याचं एक कारण हेच होतं.

दात आधी पॉलिश करून घ्या. चहा, सुपारी, तंबाखूचे डाग हा दाताचा रंग नव्हे. मिश्री लावणाऱ्यांच्या बाबतीत तर सफाईनंतर एक आठवडा जाऊ द्यावा असं माझं मत आहे. लिपस्टिक पुसायला सांगा. भडक केशरी साडी किंवा कुर्ता असेल तर गळ्याखाली करडा कपडा टाका, नाहीतर कपड्याचा रंग दातावर सांडतो. उजेड दिवसाचा हवा, पण थेट ऊन नको. सकाळी दहा ते दुपारी दोन ही वेळ चांगली. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं की सरळ डेलाइट ट्यूबवर जावं: साधारण ५५०० ते ६५०० केल्व्हिन (उजेडाच्या रंगाचं माप), सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९०च्या वर. खुर्चीवरचा पिवळसर दिवा बंदच हवा.

पट्टी दाताशेजारी पाच-सात सेकंदच धरा. त्याहून जास्त पाहिलं की डोळा दमतो आणि सगळंच जुळल्यासारखं वाटतं. मधे करड्या कार्डाकडे पाहून नजर मोकळी करा. पूर्वी निळं कार्ड पाहायला सांगत, पण निळं पाहून आलेल्या डोळ्याला पिवळं जास्त दिसतं. करडंच बरं.

ए२ म्हणजे काय आणि काय नाही

व्हिटा कंपनीचं क्लासिकल शेड गाइड १९५६ पासून चालत आलंय. त्यात सोळा पट्ट्या. ए म्हणजे लालसर-तपकिरी, बी लालसर-पिवळा, सी करडा, डी लालसर-करडा. गोंधळ असा की या अक्षरांच्या रांगेत उजळपणा वर-खाली होत राहतो. उजळ ते गडद असं लावायचं तर बी१, ए१, बी२, डी२, ए२, सी१, सी२, डी४, ए३, डी३, बी३, ए३.५, बी४, सी३, ए४, सी४. आमच्या लॅबमध्ये गाइड कायम याच क्रमानं लावलेलं असतं. कुणी ‘व्यवस्थित’ करून ए-बी-सी-डी लावून ठेवलं की मी वैतागतो.

रंगाचे तीन पदर असतात: छटा, तिचा दाटपणा आणि उजळपणा. माणसाच्या नजरेला सगळ्यात आधी खुपतो तो उजळपणातला फरक. छटा जराशी चुकली तर आई सोडून कुणाला कळत नाही. उजळपणा चुकला तर वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरालाही कळतो. म्हणून डोळे अर्धवट मिटून आधी उजळपणा ठरवा. मोबाइलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट केला तरी चालतं: पट्टी आणि दात यांतलं काय उजळ आहे ते लगेच दिसतं. १९९८ मध्ये आलेलं व्हिटा थ्रीडी-मास्टर गाइड याच क्रमानं चालतं, आधी उजळपणा, मग दाटपणा, शेवटी छटा. नवीन घेणाऱ्यांनी तेच घ्यावं.

आणि एका दाताला एकच शेड नसते. शिक्षिकेच्या शेजारच्या दाताचं, म्हणजे अकरा नंबरचं, आम्ही पुन्हा वाचन केलं: हिरडीजवळचा तिसरा हिस्सा ए३, मधला ए२ आणि ए१च्या मधे कुठेतरी, टोकाकडे पारदर्शक निळसर पट्टा आणि अगदी कडेला केसाएवढी पांढरट रेघ. डाव्या कोपऱ्यात दाण्याएवढा पांढरा ठिपका. हे सगळं एका ‘ए२’मध्ये कसं मावणार? कागदावर दाताचं मोठं चित्र काढा आणि त्यावर लिहा. चित्रकला चांगली नसली तरी चालेल.

फोटो: व्हॉट्सॲपनं घात केला

चांगल्या चिठ्ठीला फोटोंची जोड हवीच. मॅक्रो लेन्स आणि दोन बाजूंचे फ्लॅश असले तर उत्तम. मोबाइल आणि बाजूनं दिलेला एलईडी उजेड असला तरी बरंच काम होतं. नियम तीनच सांगतो. पट्टी दाताच्या समोर नको. दोघं एकाच पातळीत, कडेला कड लावून हवेत. पट्टीवरचा नंबर फोटोत दिसायला हवा. आणि निवडलेल्या पट्टीबरोबर तिच्याहून एक उजळ आणि एक गडद पट्टी असा आणखी एक फोटो हवा, म्हणजे मला अंदाज बांधता येतो.

फ्लॅश आणि लेन्स या दोन्हींवर एकमेकांना काटकोनात पोलरायझिंग फिल्टर लावले की दातावरची चमक नाहीशी होते आणि आतलं सगळं दिसतं: डेंटिनची (एनॅमलच्या आतल्या थराची) बोटं, पांढरे ढग, तडे. बिनफिल्टरचा फोटोही पाठवा, कारण पृष्ठभागाचा पोत फक्त चमकेतच दिसतो.

आणि कृपा करून फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो दाबला जातो आणि बारकावे पार पुसले जातात. त्या शिक्षिकेच्या पहिल्या फेरीत मला जो फोटो आला होता, त्यात पांढरा ठिपका दिसतच नव्हता.

आत काय आहे ते सांगा

कॅपच्या खाली जो कापून लहान केलेला दात उरतो, त्याला आम्ही स्टंप म्हणतो. सिरॅमिक पारदर्शक असेल तर स्टंपचा रंग बाहेर डोकावतो. स्टंपसाठी वेगळं शेड गाइड मिळतं. ओल्या स्टंपशेजारी त्याची पट्टी धरून फोटो पाठवायचा. हा फोटो नसला तर मी हल्ली कामच हातात घेत नाही.

शिक्षिकेचा स्टंप ओल्या सिमेंटसारखा करडा होता. अशा वेळी तीन वाटा. पहिली, दात आतून ब्लीच करून स्टंपच उजळ करणं. दुसरी, अपारदर्शक कोअर (कॅपचा आतला गाभा) घेणं. तिसरी, सिरॅमिकला जाडी मिळावी म्हणून थोडं जास्त कटिंग करणं. डॉक्टरांनी आधी आतून ब्लीच केलं आणि दोन आठवडे थांबले. ही थांब महत्त्वाची. ब्लीचनंतर लगेच चिकटवायला गेलं तर दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनला (चिकटवणाऱ्या पदार्थाला) घट्ट होऊ देत नाही, शिवाय रंगही अजून स्थिरावलेला नसतो. ब्लीचनं अर्धं काम झालं, उरलेलं मी कोअरवर घेतलं. कटिंग मात्र उगाच वाढवलं नाही, दात परत येत नाही.

आता मटेरियल. जुनं फेल्डस्पॅथिक पोर्सेलिन सगळ्यात देखणं, पण नाजूक: वाकवणारा ताण साधारण १०० मेगापास्कलच्या (ताणाचं माप) आसपासच सोसतं. एनॅमलवर चिकटवलेल्या पातळ व्हिनियरला (दाताच्या फक्त समोरच्या भागावरच्या पापुद्र्याला) ते शोभतं. लिथियम डायसिलिकेट ४००च्या आसपास सोसतं आणि उजेडाशी दातासारखंच वागतं. समोरच्या एकट्या कॅपसाठी माझी पहिली पसंती यालाच. यातही पिंड (सिरॅमिकचे तयार ठोकळे) वेगवेगळे मिळतात, खूप पारदर्शकपासून अपारदर्शकपर्यंत. करड्या स्टंपवर खूप पारदर्शक पिंड घेतला की कॅप तोंडात मेल्यासारखी दिसते. झिर्कोनिया १००० मेगापास्कलच्या वर जातं. पण ती ताकद जुन्या, कमी पारदर्शक जातीची. ‘ट्रान्सल्यूसंट’ म्हणून विकली जाणारी जात दिसायला बरी, पण ताकदीनं बरीच खाली. दाढेला झिर्कोनिया आणि समोर डायसिलिकेट, हा माझा ढोबळ हिशोब. धातूचा पोस्ट (दाताच्या मुळात बसवलेला खांब) असला किंवा रात्री दात खाणारा पेशंट असला तर हिशोब बदलतो.

शिक्षिकेसाठी मध्यम अपारदर्शक डायसिलिकेटचा कोअर साच्यात दाबून घेतला आणि त्यावर थर चढवायचे ठरवले.

कटिंगबद्दल थोडक्यात, कारण तो माझा प्रांत नाही. मला समोरून १.२ ते १.५ मिमी आणि टोकाला १.५ ते २ मिमी जागा हवी. कडा गोलसर हव्यात. मार्जिन (कटिंगची हिरडीजवळची कड) साफ आणि पायरीसारखं हवं. समोरचा भाग एकाच सरळ रेषेत कापू नका. पटाशीचा दात दोन-तीन पातळ्यांत वळतो, तसंच कटिंगही वळलं पाहिजे. नाहीतर मधल्या भागात सिरॅमिक पातळ होतं आणि नेमका तिथेच कोअर पांढरा चमकतो.

आकार: इथे खरी हुशारी लागते

मी नवीन मुलांना महिनाभर रंगाला हात लावू देत नाही. फक्त मेणात दात घडवायला लावतो. आकार बरोबर असला तर अर्धी शेड चुकली तरी खपते. आकार चुकला तर जगातली कुठलीही पावडर वाचवत नाही.

पटाशीच्या दाताच्या समोरच्या भागावर दोन उभ्या कडा असतात, जिथे सपाट चेहरा वळून बाजूला जातो. उजेड परततो तो फक्त त्या दोन कडांमधल्या भागावरून. बघणाऱ्याला दाताची रुंदी म्हणजे तेवढीच वाटते. कडांपलीकडचा भाग सावलीत जातो. शिक्षिकेचा अकरा नंबर मी कॅलिपरनं मोजला: रुंदी ८.६ मिमी, उंची १०.८. एकवीसच्या जागी मात्र ८.९ मिमी जागा होती, दात मोडून इतकी वर्षं गेल्यावर शेजारी थोडे सरकले असावेत. नुसती जागा भरली असती तर डावा दात फताड दिसला असता. म्हणून दोन कडांमधलं अंतर अकराशी तंतोतंत ठेवलं आणि उरलेले ०.३ मिमी बाजूला वळवून सावलीत लपवले. अरुंद जागेत याच्या उलट: कडा बाहेर न्यायच्या आणि चेहरा सपाट ठेवायचा.

सोनेरी गुणोत्तराच्या गप्पा मला पटत नाहीत. माणसांचे दात त्या हिशोबात बसतात असं मी मॉडेलांवर मोजून क्वचितच पाहिलंय. एकट्या दाताला शेजारचा दात हेच गुणोत्तर. पूर्ण हास्यरेषा नव्यानं बसवायची असली तर रुंदी उंचीच्या ७५ ते ८० टक्के धरून सुरुवात करावी आणि मग चेहऱ्याकडे पाहून हलवावी.

हिरडीचंही असंच. दोन दातांमधली हिरडीची टोकदार त्रिकोणी पट्टी गेली की तिथे काळा त्रिकोण दिसतो आणि कितीही सुंदर कॅप नकली वाटते. हिरडीतज्ज्ञ टार्नो यांनी १९९२ मध्ये दाखवलं होतं की हाडाच्या कडेपासून दातांच्या संपर्कबिंदूपर्यंतचं अंतर ५ मिमी किंवा कमी असेल तर ही जागा जवळजवळ नेहमीच हिरडीनं भरते. ६ मिमी झालं की साधारण निम्म्याच वेळा भरते. म्हणून डॉक्टर हाडाची पातळी मोजून देतात तेव्हा मी संपर्क त्याप्रमाणे हिरडीकडे ओढतो.

पावडर आणि भट्टी

पावडरचे थर चढवताना एकच गोष्ट डोक्यात ठेवायची: खऱ्या दातात रंग आत असतो, बाहेरचा एनॅमल काचेसारखा. बाहेरून फासलेला स्टेन (वरवरचा रंग) पहिल्या दिवशी छान दिसतो, पण उजेड आत शिरतच नाही म्हणून तो पाटीवरच्या चित्रासारखा वाटतो.

कोअरवर आधी पातळ थर देऊन भाजून घेतला. मग हिरडीजवळ गडद डेंटिन, मधे उजळ डेंटिन आणि टोकाकडे डेंटिनची तीन बोटं, असमान लांबीची. सारखी केली की कंगव्यासारखी दिसतात. बोटांच्या मधे निळसर ओपल पावडर. ओपल खड्यासारखाच एनॅमलही परतलेल्या उजेडात निळसर आणि आरपार उजेडात केशरी दिसतो. ही किमया साध्या पारदर्शक पावडरीनं येत नाही. कडेला पांढरट रेघेसाठी डेंटिनचा केसाएवढा धागा. पांढरा ठिपका मधल्या थरात, वरच्या एनॅमलच्या खाली. सगळ्यावर एनॅमल आणि आकार साधारण पाचवा हिस्सा मोठा, कारण भाजताना पावडर आकसते. ब्रशनं ओलावा समतोल ठेवायचा आणि टिश्यूनं जास्तीचं पाणी टिपायचं. पाणी राहिलं की बुडबुडे येतात. व्हॅक्यूममध्ये साधारण ७५० अंशांवर भाजणं, मग दुसरा थर देऊन पुन्हा. चौथ्या-पाचव्या भट्टीनंतर सिरॅमिक थकतं, काचेसारखं सपाट दिसायला लागतं. दोन-तीन भट्ट्यांत उरकायला शिका.

खरा दात अतिनील उजेडातही निळसर-पांढरा चमकतो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात किंवा डिस्कोत जांभळे दिवे लागले की स्वस्त कॅप काळी पडते आणि हसताना दात पडल्यासारखं दिसतं. चमक देणारी पावडर वापरली आहे का, ते लॅबला विचारा. एके काळी या चमकेसाठी पोर्सेलिनमध्ये चक्क युरेनियम घालत. आता त्याची जागा दुर्मिळ मृदांनी घेतलीय.

ट्रायल ओली हवी

ग्लेझ (काचेसारखा चमकदार लेप) करण्याआधीची, बिस्कची (भाजलेल्या पण लेप न दिलेल्या कॅपची) ट्रायल मी हट्टानं मागतो. कोरडी बिस्क खडूसारखीच दिसते, म्हणून तिला लाळ किंवा ग्लिसरीन लावूनच पाहावं. पेशंटला उभं करा, खिडकीशी न्या, ट्यूबखाली न्या. एका उजेडात जुळलेला दात दुसऱ्यात फुटतो, आणि ते ट्रायललाच कळलेलं बरं. पेशंटला ‘स’, ‘फ’, ‘व’ म्हणायला लावा. ‘फ’, ‘व’ला टोक खालच्या ओठाला हलकं टेकलं तर ठीक, ओठात रुतलं की लांबी जास्त.

पांढऱ्या ठिपक्याबद्दल पेशंटला आधी विचारा. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही भागांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर पांढरे-तपकिरी डाग असतात. कुणाला ते जसेच्या तसे हवे असतात, कुणी म्हणतं, “नव्या दाताला तरी डाग नको.” डाग नसलेला एकटा दात मग डागाळलेल्या रांगेत उपरा दिसतो, हे त्यांना आधीच दाखवून द्यावं. शिक्षिका म्हणाल्या, “ठिपका करा, पण जरा लहान करा.” केला.

पोत आणि चमक

मॉडेलवर आणि कॅपवर सोनेरी पावडर चोळा. लपलेले उंचवटे आणि खळगे एकदम उघडे पडतात. उभ्या दोन उथळ खळग्या, हिरडीकडे बारीक आडव्या रेघा. तरुण दातावर हा पोत ठसठशीत असतो. वय वाढलं की तो झिजतो आणि दात गुळगुळीत, जास्त चमकदार होतो. चाळिशीच्या बाईला वीस वर्षांच्या मुलीचा पोत दिला की डोळ्यांना काहीतरी खटकतं, काय ते मात्र सांगता येत नाही. शिक्षिकेच्या अकरावर आडव्या रेघा फक्त हिरडीजवळ उरल्या होत्या, म्हणून एकवीसवरही तेवढ्याच.

ग्लेझ पातळ ठेवायचा, मग प्युमिस आणि फेल्ट व्हीलनं हातानं चमक आणायची. जाड ग्लेझ कोरलेलं सगळं बुजवतो आणि दात पेपरमिंटच्या गोळीसारखा दिसतो.

चिकटवणं

डायसिलिकेटला आतून ५ टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिड २० सेकंद, धुणं, मग सायलेन (सिरॅमिक आणि सिमेंट यांना जोडणारं रसायन). मी ॲसिड न लावताच पाठवतो, कारण ट्रायलमध्ये लाळ लागते आणि मग पुन्हा साफ करणं आलं. हे ॲसिड तोंडात कधीच नाही, हातमोज्याशिवायही नाही. झिर्कोनियावर ते काम करत नाही. तिथे अल्युमिनाचं हलकं सँडब्लास्टिंग आणि एमडीपी (झिर्कोनियाला धरणारं रसायन) असलेला प्रायमर. लाळ लागलेल्या झिर्कोनियाला फॉस्फोरिक ॲसिडनं साफ करू नका, ते पृष्ठभागाला चिकटून बसतं आणि प्रायमरची जागा खातं.

पातळ व्हिनियरला फक्त उजेडानं पक्का होणारा सिमेंट घ्या. ड्युअल-क्युअर (उजेड आणि रसायन दोन्हींनी पक्का होणारा) घ्यावा लागला तर अमाइन नावाचं रसायन नसलेला, नाहीतर काही वर्षांत पिवळा पडतो. सिमेंटची शेड ट्रायल पेस्टनं आधी पाहा. पण सिमेंट जराशीच चूक सावरतो, माझी पूर्ण चूक नव्हे.

शेवटी रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) काढल्यावर लगेच निकाल देऊ नका. शेजारचे दात तेव्हा कोरडे आणि पांढरे असतात, कॅप उलट गडद वाटते. आठवड्यानं बोलवा. शिक्षिका दहा दिवसांनी आल्या. डॉक्टरांनी फोटो पाठवला, या वेळी डॉक्युमेंट म्हणून. पुढे शेजारचे दात ब्लीच करायचा त्यांचा विचार असेल तर कॅपचा रंग बदलणार नाही, हे डॉक्टरांनी त्यांना सांगून ठेवलंय. त्यांच्या मॉडेलच्या डब्यावर माझी चिठ्ठी अजून चिकटवलेली आहे: पिंड, पावडरी, कोणत्या थरात किती, दोन भट्ट्या, आणि खाली पेन्सिलीनं, “ठिपका: अकराच्या निम्मा.”